आत्याच्या पेल्यावरचं झाकण

शिंपलीचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणी घेत नसे. शिंपल्याच्या आत तो चमचमता थर असतो ना, तसला पदार्थ माणसाने बनवायचा, या एकाच खुळापायी जिने ऐन उमेदीची वर्षं घालवली, तिला लोक दुसरं म्हणणार तरी काय?

खूळ मात्र झकास होतं, यात वाद नाही. शिंपला बनतो खडूच्या सख्ख्या भावंडापासून. खडू हातातून पडला की दोन तुकडे, आणि शिंपला दगडावर आपटला तरी लवकर दाद देत नाही. सगळी करामत आतल्या रचनेची. विटांसारख्या बारीक चकत्या आणि त्यांच्यामध्ये चिकट डिंक. तडा गेलाच तर त्याला सरळ वाट मिळत नाही. प्रत्येक चकतीला वळसा घालता घालता बिचारा दमून जातो. शिंपली मातीच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चकत्या आणि डिंक पाण्यात कालवायची, ताटलीत ओतायची आणि हात जोडून बसायची. पाणी उडत गेलं की चकत्या आपल्याआपण एकावर एक निजत. ओरडायला नको, ढकलायला नको. माणसं अशी रांगेत लागली असती तर जगातली निम्मी भांडणं मिटली असती!

थाळ्या निघायच्या मोत्यासारख्या, आणि मोडायच्या टोस्टासारख्या.

मोडण्याचं खातं मोडकाकांकडे. त्यांच्या मशीनचं काम एवढंच, की पट्टी दोन टेकूंवर आडवी ठेवायची आणि वरून मधोमध दाबत जायचं, मोडेपर्यंत. लोखंड म्हणू नका, लाकूड म्हणू नका, हाडसुद्धा काकांनी सोडलं नव्हतं. पडद्यावर रेघ चढायची, 'कट्' असा आवाज यायचा, रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली यायची आणि काका आनंदाने म्हणायचे, "गेली बघ पोरी!" माणूस मनाने चांगला, पण दुसऱ्याची पट्टी मोडली की त्याला जेवण गोड लागायचं.

शिंपली आत्याकडे राहायची. संध्याकाळी दार उघडताना आत्याचा प्रश्न ठरलेला. "मोडली का?"

"मोडली."

मग आत्या गरम दूध करायची, साखर जरा जास्तच घालून. अशाने शिंपलीचं वजन वाढलं, पट्टीची ताकद तेवढी वाढेना.

खरं तर शिंपली कष्टात कुठे कमी पडत नव्हती. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांचा मंत्र होता, "ओल म्हणजे घोळ." पाण्याचा अंश राहिला की आकडे बिघडतात, म्हणून ती प्रत्येक थाळी ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायची, मग ओल शोषणाऱ्या गोळ्यांसोबत काचेच्या भांड्यात कोंडून ठेवायची. भांड्याजवळ कुणी शिंकलं तरी तिच्या कपाळाला आठी. आणि आता तर गळ्याशीच आलं होतं. बाहेरून परीक्षक येणार होते. त्यांच्या डोळ्यांदेखत पट्टी पुन्हा टोस्टासारखी मोडली, तर काम बंद आणि शिंपलीचं टेबल दुसऱ्याला. हे सगळं तिने आत्याला सांगितलं नव्हतं. आत्याला ते कळलं होतं, ती गोष्ट वेगळी.

परीक्षक यायच्या दिवशी सकाळी शिंपली केस विंचरत होती. आत्या पलंगापाशी पाणी पीत होती. पेल्यावर ती झाकण ठेवायची शिंपलीने कधीतरी टाकून दिलेल्या एका थाळीचं. कडा वाकडी आली म्हणून ती ओव्हनचं तोंडसुद्धा न बघता घरी आली होती. आत्याने झाकण खुर्चीवर ठेवलं, पाणी प्यायली, आणि सवयीने त्याच खुर्चीत बसली.

आता आत्याचं बसणं म्हणजे साधं बसणं नव्हे. बाईमाणसाच्या वजनाविषयी बोलू नये, म्हणून एवढंच सांगतो, की त्या खुर्चीची वेताची बैठक मधोमध केव्हाच खचली होती. झाकण दोन बाजूंच्या लाकडी कडांवर टेकलेलं, खाली पोकळी, आणि वरून मधोमध आत्या.

"अगं बाई!" आत्या ताडकन उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मोडली का ग? आजच्या दिवशी माझ्याच हातून... देवा, मी मेलीने बघून बसायला नको का?" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

शिंपलीच्या हातातला कंगवा तसाच राहिला. झाकण वाकलं होतं, छान पोक आलं होतं त्याला. पण तडा म्हणाल तर नखाएवढासुद्धा नाही. तिने ते उचललं. खालची बाजू पेल्यातल्या वाफेने ओलसर होती. दिवसरात्र पाण्याच्या तोंडावर बसलेली थाळी!

"आत्या," ती कसंबसं म्हणाली, "शिंपला राहतो कुठे?"

"पाण्यात. मला काय विचारतेस, एवढी शिकलीस ना?"

शिंपलीने कपाळावर हात मारला, झाकण ओल्या रुमालात गुंडाळलं आणि धूम ठोकली.

परीक्षक कमी बोलणारे होते. नियमाप्रमाणे आधी वाळवलेली पट्टी लागली. रेघ सरळ वर गेली. कट्! "गेली बघ पोरी," काका म्हणाले, पण आज त्यांना गोड वाटलं नसावं. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

"अजून एक आहे," शिंपली म्हणाली आणि रुमालातून झाकणाची सकाळीच कापलेली पट्टी काढली.

"ओली?" मोठे सर कुजबुजले. "अगं, घोळ होईल!"

"होऊ दे, सर."

काकांनी बटण दाबलं. रेघ चढली, पण पहिलीइतकी उंच नाही. सरांनी मान खाली घातली. मग रेघ आडवी झाली आणि चालू लागली. चालतेय, चालतेय, थांबायचं नाव नाही. आत तडा चकत्यांना वळसे घालत होता, ओलीने नरम राहिलेला डिंक ताणला जात होता, नमतं घेत होता पण सोडत नव्हता. पट्टी धनुष्यासारखी वाकली. काकांच्या कपाळावर घाम आला. "मोड की ग बये!" ते पट्टीला म्हणाले. शेवटी दाबणारा दांडा खालच्या टोकाला टेकला आणि मशीन आपणहून थांबलं.

"माझ्या हातून आजवर कुणी असं सुटलं नव्हतं," काका दुखावल्या आवाजात म्हणाले.

परीक्षकांनी टोपण काढलं. "हा नमुना ठेवला कसा होता?"

खोटं बोलायचा शिंपलीला विचारही सुचला नाही. "आत्याच्या पेल्यावर."

मग परीक्षक हसले, अगदी पोट धरून. "एका पट्टीने सिद्ध काही होत नाही," डोळे पुसत ते म्हणाले, "पण टेबल तुमचंच राहू द्या. ओल मोजून पुन्हा करा, आणि भरपूर करा."

संध्याकाळी आत्या दारातच उभी होती. हातात दुधाचा पेला, आधीच गरम केलेला. "मोडली का?"

"नाही मोडली, आत्या! मशीन हरलं. काम चालू राहणार!" आणि शिंपली तिच्या गळ्यात पडून भोकाड पसरून रडली.

"अगं, दूध सांडेल! रडण्याच्या दिवशी रडली नाहीस ती," आत्या म्हणाली, पण तिनेही पदराने नाक पुसलं. "बरं झालं बाई. आता माझं झाकण दे. सकाळपासून पाणी उघडं पडलंय."

शिंपलीने तिच्या गळ्यातले हात काढले. "आत्या, मशीनमध्ये पट्टीच लागते. म्हणून मी ते... करवतीने कापलं."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "मी बसले, मोडलं नाही. तुमच्या त्या काकाने दाबदाब दाबलं, मोडलं नाही. आणि तू कापलंस?"

"तुला नवीन करून देईन. हवी तेवढी देईन. सगळ्या थाळ्या आता पेल्यांवरच ठेवायच्यात."

"ते बघू पुढचं पुढे," आत्या खुर्चीची बैठक हाताने चाचपून, जपून खाली बसली आणि पेला तोंडाला लावला. "आजचं दूध मला लागणार आहे."