कंट्रोलचं तळं

ताईचे साहेब आमच्याकडे येणार म्हणून मी सकाळीच तळ्यांचे काठ झाडून घेतले. ताई शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ आहे आणि मी माशांची पिल्लं वाढवून विकते. आमच्या घरात अक्कल तिच्या वाट्याला आली आणि चिखल माझ्या, असं मीच सगळ्यांना हसत सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी विहिरीला पाणी कमी पडलं, तेव्हा तीच धावून आली होती. केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी तिनं पाइपानं खालच्या तळ्यात आणून दिलं. "वरच्या तळ्यात मात्र विहिरीचंच राहू दे," म्हणाली. तेव्हापासून ती दर रविवारी यायची, काठावर बसायची, मासे बघायची. "थोरली जीव टाकते गं तुझ्यावर," आई म्हणायची, आणि मी फुशारून जायचे.

यंदा खालच्या तळ्यातल्या नरांनी घात केला. मादीनं अंडी घातली तरी ती फळायचीच नाहीत, दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी पडून कुजायची. वरच्या तळ्यातली पिल्लं पुरत नव्हती आणि गिऱ्हाईकं फोनवर फोन करत होती. या हंगामात पुरेशी पिल्लं निघाली नाहीत तर ती दुसरीकडे जाणार हे उघड होतं. मी खाद्य बदललं, अंड्यांच्या टाक्या घासून घासून हातांची सालं काढली. ताईनं दोन नर कापून बघितले आणि म्हणाली, "वय झालं असेल त्यांचं."

साहेब आले, भला माणूस. चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "यातलं कंट्रोलचं तळं कुठलं?"

"दोन्ही माझ्याच कंट्रोलमध्ये आहेत की!" मी म्हणाले.

ते खो खो हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू ओसरलं. "म्हणजे तुलनेसाठी साध्या पाण्यावर ठेवलेलं तळं. ताईंनी सांगितलं असेल ना तुम्हाला?"

ताई कपात बघत होती.

साहेब गेल्यावर मी तिला काठावरच धरलं. ती बोलली, अगदी शांतपणे, शाळेत मला गणित समजवायची तशी. सांडपाण्यात औषधी गोळ्यांचे, प्लॅस्टिकचे असे अंश येतात की ते शरीरात मादीच्या संप्रेरकांची नक्कल करतात. क्लोरीन जंतूंबरोबर त्यांनाही मोडतं. "पण तुकडे उरतात. मूळ द्रव्य गेलं, एवढंच यंत्र सांगतं. तुकडे काय करतात ते माशालाच कळतं."

"आणि माझ्या नरांच्या पोटात काय होतं?"

"अंडी," ती म्हणाली. "बारीक बारीक."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टाक्या घासत होते, स्वतःला शिव्या घालत होते, आणि ही सगळं माहीत असून वयाचं कारण सांगत होती! मी पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायला वळले, तर तिनं माझा हात धरला.

"एवढ्यात बंद करू नकोस ना. पुढच्या महिन्यात क्लोरीनऐवजी ओझोन लावतोय आम्ही. त्यानं तुकडेही मोडतील बहुतेक. नवीन नर सोडून बघायचंय. शहराच्या खाली नदीचं हेच पाणी पिऊन किती लोक राहतात, विचार कर."

मी केला विचार. तिचं काम खोटं नव्हतं, हेच जास्त लागलं मला. खोटं होतं ते रविवारचं येणं. मला बघायला येते असं मी धरून बसले होते. ती आपले मासे बघत होती.

मी हात सोडवून घेतला आणि व्हॉल्व्ह घट्ट आवळला.

"तळी काय माझीच होती जगात? दुसऱ्या कुणाकडे का नाही गेलीस?"

ती खरं तेच बोलली.

"दुसऱ्या कुणीही आधी पाण्याचा रिपोर्ट मागितला असता गं."

मी मागितला नव्हता. ताई होती ना ती.