बिघडवलेल्या फ्रिजची दहा मिनिटं

मेहुण्याचं संगीत दाजींच्या लेखी संगीत नव्हतंच, तक्रार होती. ना ताल, ना बोल; अर्धा अर्धा तास नुसतं घुं. वीस वर्षं फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हात असलं काही ऐकलं की आपोआप पान्याकडे जायचा. पण घुम्याची (मेहुण्याला सगळे घुम्याच म्हणत) पहिली रेकॉर्ड काढायला कुठलीशी लांबची कंपनी तयार झाली होती. शेवटचा तुकडा आज संध्याकाळपर्यंत पोचला नाही, तर हा नाद सोडून नोकरी धरायची, असं त्याच्या बहिणीनं, म्हणजे दाजींच्या बायकोनं, बजावलं होतं.

दुपारी माइक घेऊन तो वर्कशॉपमध्ये आला आणि निळ्या फ्रिजपाशी मटकन बसला.

"दाजी, हा गप्प का?"

"बरा झाला म्हणून."

"काल तीनच मिनिटं घेतली होती याची. मला दहा हवीत! मारलंत तुम्ही त्याला."

"घरच्या जावयाला खुनी ठरव आता. ऐकव, काय घेतलंस ते."

हेडफोन लावून दाजींनी डोळे मिटले. नाडी बघताना वैद्य मिटतात तसे. "डावीकडचा रबर गेलेला, नळी जाळीला घासतेय. करतो परत तसं. पण याच्या मालकीणबाई चारला न्यायला येणार. घुं करणारा फ्रिज माझ्या हातून आजवर बाहेर गेलेला नाही."

रबर निघाला, नळी वाकली, फ्रिज कण्हू लागला. बाळंतपण सुखरूप पार पडल्याचं समाधान घुम्याच्या चेहऱ्यावर पसरलं.

आठव्या मिनिटाला बाई हजर, तेही अर्धा तास आधी. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या तोंड उघडणार तोच घुम्यानं ओठांवर बोट ठेवलं. जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवलेल्या बाई धक्क्यानंच गप्प झाल्या. 'बाई, हा बरा आहे हो,' एवढंच दाजींच्या जिभेवर होतं. ते त्यांनी गिळलं. दोन मिनिटं त्यांच्या वीस वर्षांच्या अब्रूवर फ्रिज घुमत राहिला.

"झालं," घुम्या म्हणाला.

"याला दुरुस्ती म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"दुरुस्त झाला होता. मुद्दाम बिघडवलाय. पाच मिनिटं द्या."

"मुद्दाम? कशाला?"

"गाण्यासाठी," म्हणताना दाजींची मान खाली गेली.

बाईंनी हेडफोन मागून घेतले, मागेपुढे करत ऐकलं आणि पेपर तपासल्यासारखा निकाल दिला. "मध्ये फार रेंगाळलंय. तेवढं काढून टाका."

घुम्या मान डोलावणार, इतक्यात दाजी ओरडले, "खबरदार काढशील तर! अहो बाई, तिथंच तर कॉम्प्रेसर दम खातो. तो दम काढला तर उरला नुसता गोंगाट!"

घुम्या बघतच राहिला. दाजी घाईघाईनं फ्रिजमागे दडले.

"बघतोस काय? पाठव जा," मागून आवाज आला. "आणि तुझ्या बहिणीला यातलं काही सांगू नकोस."