बावीस रोपं आणि खडूची रेघ

आई इंग्रजी शिकवते. त्या दुपारी ती जेवणाच्या टेबलावर ‘इक्वली’ या शब्दाचा धडा तयार करत होती. वाटणीच्या क्रियापदाबरोबर आला तर ‘समान भागांत’, विशेषणाआधी आला तर ‘तितकंच’. पहिल्या वापराचं वाक्य तिला मिळालं होतं, दुसऱ्याचं अडलं होतं.

तेवढ्यात ताई बदली होऊन घरी परतली आणि दोन बॅगांसकट माझ्या खोलीत घुसली. मला चिंता खोलीची नव्हती, खिडकीची होती. तिथे माझी वाटाण्याची बावीस रोपं होती. ऊन गेलं की दोन महिन्यांचा प्रयोग पाण्यात!

“खोली इक्वली वाटून घ्या,” आई मान वर न करता म्हणाली. “एकीने भाग पाडायचे, दुसरीने निवडायचा.”

“भाग मी पाडते,” मी घाईने म्हणाले.

टेप घेतली, कपाटाखालची जागा वजा केली, कोनाडासुद्धा मोजला आणि खडूने रेघ मारली. दोन्हीकडे पाच पूर्णांक सहा दशांश चौरस मीटर. डावीकडे खिडकी, उजवीकडे आरशाचं कपाट. आरसा दिसला की ताईला बाकी जग दिसत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

“उजवीकडचा माझा,” ताई म्हणाली.

मनात उकळ्या फुटत होत्या, पण मी तोंड पाडून ठेवलं.

रोपांसाठी पाणी घेऊन आले, तर ताई दारात आडवा हात लावून उभी.

“कुठे निघालात बाईसाहेब?”

“माझ्या भागात.”

“आणि दार कुणाच्या भागात?”

मी रेघेकडे पाहिलं. कोनाडा मोजणारी मी, दार विसरले होते.

“एका फेरीला एक कप चहा. कडक.”

मुकाट्याने चहा केला. ती कप घेऊन आरशासमोर बसली. मी खिडकीशी गेले आणि पंखा बंद केला.

“ए, उकडतंय! लाव ना!”

“बटण कुणाच्या भागात?”

ताईने चहाकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

“बरं बाई, ये-जा फुकट.”

“मग वाराही फुकट.”

दारात आई उभी होती, हातात वही.

“सापडलं वाक्य! ‘माझ्या दोन्ही मुली इक्वली डांबरट आहेत.’ आता डांबरटला इंग्रजीत काय म्हणतात, तेवढं बघते.”

मी पंखा लावला आणि रोपांना पाणी घातलं.