चौथा दोर

"भाऊजी, चौथा दोर तुम्ही धरा," मुकादमाची बायको म्हणाली. "ह्यांनी तसं बजावूनच ठेवलं होतं."

ढिल्याने मान हलवली आणि दोर हातात घेतला. शवपेटीच्या चार कड्यांना चार दोर होते आणि धरणारे चौघेही मुकादमाच्या टोळीतले, कारखान्यात जड यंत्रं चढवणारे-उतरवणारे. ढिल्या मनात म्हणाला, मुकादमा, आज सापडलास.

ढिल्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. यंत्र उतरवताना मुकादमाच्या हातून दोर सुटला, खाली उभ्या असलेल्या जोडीदाराचा पाय चिरडला आणि मुकादमाने खापर फोडलं ते याच्या डोक्यावर. "यानेच ढिला सोडला," म्हणाला. बघणारं दुसरं कोणी नव्हतं. नाव चिकटलं ते चिकटलंच. रागावली की बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारायची. त्या लंगड्या जोडीदाराने तर भर चर्चमध्ये मिठी मारून त्याला क्षमा केली, न केलेल्या गुन्ह्याची. ती क्षमा त्याला शिवीपेक्षा जास्त झोंबली. तेव्हापासून दर रविवारी प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की ढिल्याला खोकला यायचा.

पाळकसाहेब सांगत होते, ज्याने त्याने आपला भार आपणच वाहायचा असतो. वा, आणि याचा मात्र मी वाहायचा? वीतभर सोडला की झालं. पेटी कलंडेल, मुकादम सगळ्या मंडळीसमोर डोक्यावर आदळेल. नावाला जागला म्हणतील. म्हणोत.

"सोडा सावकाश," पाळकसाहेब म्हणाले.

पेटी खड्ड्यात उतरू लागली. ढिल्याने बोटं सैल केली. त्याच टोकाचा दुसरा दोर समोर लंगड्याकडे होता. तो काठावर पुढे ओढला गेला, अधू पाय थरथरला.

"ढिल्या," तो दबक्या आवाजात म्हणाला, "सगळा भार माझ्याकडे येतोय रे."

ढिल्याने दोर करकचून धरला. तळहात सोलून निघाला. राग तसूभरही कमी झाला नव्हता. मुकादमाला तो मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत होता आणि पेटी सरळ खाली पोचवत होता. हा माणूस दोर सोडत नाही, हे नक्की ठाऊक असलेला जगात एकच जण होता, आणि तो आता पेटीत होता.

पेटी टेकली. तिघांनी दोर टाकले. लंगडा खड्ड्याला वळसा घालून त्याच्याजवळ आला.

"ढिल्या, सोड आता," तो म्हणाला. "पोचला तो."

ढिल्याला मूठ उघडता येईना.