थडग्यांमागचा नाका

हरणाचा माग काढण्यात आमच्या खोऱ्यात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण बाकीचे सांगायला कचरतात. हाक्याच्या, म्हणजे कुत्री सोडून शिकार उठवायच्या, दिवशी उजाडलं की मागकरी डोंगराच्या पायथ्याने पूर्ण फेरी मारतो. वाटेच्या कडेची माती त्याने आदल्या संध्याकाळी झाडून ठेवलेली असते, म्हणजे सकाळी दिसेल तो खूर ताजाच. आत गेलेले खूर बघायचे, बाहेर पडलेले बघायचे. जो आत गेला आणि बाहेर आला नाही, तो आत झोपलाय. कुत्र्यांनी उठवल्यावर तो कुठून पळेल तेही मागकऱ्यानेच सांगायचं. मग त्या वाटांवरच्या नाक्यांवर बंदुका बसतात. मागकरी चुकला की अख्खी टोळी दिवसभर थंडीत कुडकुडते आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

यंदा माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा ट्रक चालवतो आणि रविवारी झोपतो. त्याची बायको सुमिए मात्र गेले कित्येक हिवाळे माझ्यामागे डोंगर फिरते आहे. आधी आली ती माझा डबा धरायला. पुढे पुढे मी वाकून बघेपर्यंत हीच म्हणायची, "बाबा, मादी आहे. पिल्लू बरोबर आहे." मी नुसता हुं करायचो, पण अंगावर मूठभर मांस चढायचं.

म्हणून मी टोळीच्या म्होरक्याला, हागिवाराला, सांगून टाकलं की यापुढे माग सुमिए काढेल.

"काका, सूनबाईंचं कौतुक घरी करा ना," तो म्हणाला. "बरं, तुमच्या शब्दाखातर एक रविवार. चुकली तर मोरिवाकी काढेल."

मोरिवाकीला न्हाणीघराबाहेर काढलेल्या स्वतःच्या चपला सापडत नाहीत!

त्या रविवारी देवळाच्या पायऱ्यांपाशी पिंपात लाकडं पेटवून आम्ही शेकत होतो. सुमिए फेरी मारून आली. नाक लाल, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"मोठा नर आहे. देवदारांतून आत गेला, बाहेर नाही आला," ती म्हणाली. "उजव्या खुराचं टोक झिजलंय त्याच्या."

"मग खिंडीतूनच पळणार," हागिवारा म्हणाला.

"दोघं खिंडीत बसा. पण बाबांना थडग्यांमागच्या पायवाटेवर बसवा. तो तिथून उतरेल."

मोरिवाकी फिस्सकन हसला. गावच्या थडग्यांमागे आजवर कुणी हरीण मारलेलं नाही. तिथपर्यंत गाडी जाते, ऊन चांगलं येतं आणि टेकायला दगड आहेत, एवढंच.

"सासऱ्याची सोय बघितली हो पोरीने," हागिवारा म्हणाला, आणि सगळ्यांनी दात काढले. "गेनझोकाका, तुमच्या सुनेला सांगा, पुढच्या वेळी उशीपण दे म्हणावं."

तो तिच्याशी बोलायचाच नाही. ती समोर असली तरी मला सांगायचा.

सुमिए वाद घालत नाही, हा तिचा मोठा दोष. माझी पिशवी गाडीत ठेवताना तेवढं म्हणाली, "बाबा, बंदूक भरून बसा."

"मला शिकवतेस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. खिंडीतला नाका माझा! आणि मला म्हातारा म्हणून उन्हाला बसवायचं? तेही हिने? मी काही बंदूक भरली नाही. रिकामीच खांद्याला अडकवली, थर्मासमधून चहा ओतला आणि चार पावलं खाली बायकोच्या थडग्याशी गेलो. किनु जाऊन बरीच वर्षं झाली, पण तक्रार ऐकून घ्यावी ती तिनेच.

"बघितलंस? तुझ्या लाडक्या सुनेने मला पेन्शनीत काढलं," मी म्हणालो. तिच्यापुढच्या शेवंतीची नुसती देठं उरली होती. फुलं खाणाऱ्या माकडांना शिव्या देत मी तिच्यासाठी थोडा चहा दगडावर ओतला.

वर कुत्री भुंकायला लागली. भुंकणं खिंडीकडे गेलं, मग वळलं. मागे पाचोळा वाजला म्हणून मी मान फिरवली.

तो पायवाटेवर उभा होता. काय शिंगं! काय मान! मी एका हातात कप घेऊन त्याच्याकडे बघतोय आणि तो माझ्याकडे. मग तो थडग्यांमधून सरळ चालत, घाई न करता, रोजची वाट असल्यासारखा खाली उतरला आणि ओढ्यापलीकडच्या डोंगरात शिरला.

ओल्या मातीत खूर उमटले होते. उजव्याचं टोक झिजलेलं. आणि शेवंतीची देठं बघून आता माझ्या टाळक्यात उजेड पडला. माकडं कुठली? हाच येऊन फुलं खायचा, म्हणून वाट त्याच्या पायाखालची होती. सुमिएने ते पाहिलं होतं. मी फुलं वाहायला यायचो आणि मला दिसलं नव्हतं!

वॉकीटॉकी खरखरला. हागिवारा होता. "खिंडीत काही नाही. काका, तुमच्याकडे?"

मी खुरांकडेच बघत राहिलो.

"नाही ना? वाटलंच होतं. चला, उतरा सगळे. मोरिवाकी, पुढच्या रविवारी माग तू काढ."

खरं सांगतो, माझा बूट त्या खुरांवर उचलला गेला होता. दोनदा घासला असता की वाट कोरी. इतक्या हिवाळ्यांत माझ्या नाक्यावरून हरीण सुटलेलं नाही, आणि सुटलं तर असं? चहा पिताना? मी मरेपर्यंत गाव हसलं असतं. मेल्यावरही, कारण मी इथेच येणार.

पण ती माणसं हसली तेव्हा सुमिएच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. तिच्या वतीने बोलायला हे खूर सोडले तर दुसरं कोण होतं? मी पाय बाजूला टेकवला.

"आला होता!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की वॉकीटॉकीची गरज नव्हती. "मोठा नर, उजवा खूर झिजलेला! तिने सांगितलं तिथूनच, थडग्यांमागून उतरला! बंदूक रिकामी होती माझी. मी चहा पीत होतो. हसा काय हसायचं ते. पण असा माग उभ्या जन्मात मला काढता आला नाही, हेही ऐकून ठेवा. माझी सून आहे ती!"

पलीकडे कुणी हसलं नाही. हागिवाराचा आवाज आला, जरा घसा खाकरून.

"काका, आता बटण दाबू नका. मला सुमिएशी बोलायचंय. सुमिए, ओढ्यापलीकडे गेला तर आता कुठे थांबेल तो? आम्ही कुठे बसू?"

ती तिच्या वॉकीटॉकीवरून सांगत गेली, एकेकाचं नाव घेऊन, एकेकाची जागा. मोरिवाकीलासुद्धा. सगळे "बरं" म्हणत गेले. शेवटी माझी पाळी आली.

"बाबा, तुम्ही पुलापाशी बसा."

"बसतो," मी म्हणालो आणि बंदूक भरली.