शेवटच्या पानावरचा चिमटा

मी चिमटा बोलतोय. हो, तोच, कपडे वाळत घालायचा. नाक मुरडू नका. तुमचे शर्ट वाऱ्याने रस्त्यावर गेले नाहीत, ते माझ्यासारख्यांच्या जिवावर.

लाकडाच्या दोन पट्ट्या आणि मध्ये स्प्रिंग, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघालो तेव्हा पकड अशी होती, की पाकीट भरणारीने बोट चोळत मला दोन शिव्या हासडल्या. मला त्यांचा अजून अभिमान वाटतो.

भावंडांसह मी आलो तो एका तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. तिथे सासूबाईंचं राज्य. त्यांची सून शाळेत नववीला भाषा शिकवायची. शाळेत सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. चांगलं चाललं होतं. एका सकाळी मात्र बाईंनी आम्हाला दोरीवरून ओरबाडून पिशवीत कोंबलं.

"अगं, चिमटे कुठे निघाले?" सासूबाईंनी विचारलं.

"शाळेत, आई. गोष्ट शिकवायचीय."

"गोष्ट वाळत घालणार आहेस का? आणि माझ्या चादरी?"

बाई हसल्या आणि पिशवी घेऊन भराभर जिना उतरल्या. हेडसरांनी त्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "एका जुन्या गोष्टीला इतके तास कशाला? प्रश्नोत्तरं लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. उद्या मी येऊन बसतो. मुलं जांभया देताना दिसली, तर उरलेले तास गणिताला." ही गोष्ट बाईंची शाळेपासूनची लाडकी. ती प्रश्नोत्तरांत गुंडाळायला त्या तयार नव्हत्या.

गोष्ट एका नावाड्याची. नदीवर पूल होतोय, म्हणजे याचा धंदा बुडणार. पुलाच्या मजुरांना रोज पलीकडे नेतो तोही हाच. एकदा त्याला पाण्याखाली खांबाला गेलेला तडा दिसतो. दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नाही. गप्प राहिला तर पूल कोसळेल आणि नाव वाचेल. सांगितलं तर पूल उभा राहील आणि घरची चूल विझेल. तो काय करतो, ते शेवटच्या पानावर.

बाईंनी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान चिमट्याने बंद केलं. आधी डोकं चालवा, मग पान उघडा, असा त्यांचा बेत. माझ्या वाट्याला आलं मागच्या बाकावरच्या मुलीचं पुस्तक. तिला वर्गात 'हजर' म्हणत, कारण हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे ती तोंड उघडत नसे.

"सांगा, नावाडी काय करेल?" बाईंनी विचारलं.

पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाचा हात वर. "बाई, तो सांगून टाकतो. गाइडमध्ये आहे. तात्पर्यपण दिलंय."

वर्ग खो खो हसला. सगळ्यांनीच गाइड वाचलं होतं! बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मागे येऊन बसलेल्या हेडसरांनी घड्याळ पाहिलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा दात रोवून मी पान धरून बसलो होतो, आणि आतली गोष्ट कधीच निसटून गेली होती.

तेवढ्यात हजरची बोटं माझ्याशी चाळा करू लागली. उघड, मीट. उघड, मीट. मग ती चक्क उभी राहिली.

"बाई, तो सांगतो ते ठीक. पण पूल सुरू झाल्यावर घरी बायकोला काय सांगतो?"

"ते गाइडमध्ये नाहीये," हुशार मुलगा म्हणाला.

"पुस्तकातही नाही," बाई हळूच म्हणाल्या. "तुला काय वाटतं गं?"

"माझ्या बाबांचं काम सुटलं ना, तेव्हा ते कितीतरी दिवस डबा घेऊन बाहेर पडायचे. आईला सांगितलंच नव्हतं."

मग कुणीतरी म्हणालं, "नावाडी नाही लपवणार." दुसरं म्हणालं, "लपवणारच, तोंड कसं दाखवेल?" बघता बघता भांडण जुंपलं. हुशार मुलाने पान उलटंपालटं करून पाहिलं आणि पहिल्यांदाच गाइड दप्तरात टाकलं.

"मी तर घरी नसतं सांगितलं," मागून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. हेडसर होते. बोलून गेल्यावर त्यांचे कान लाल झाले.

घंटा झाली, तरी कुणी उठेना. जाताना हेडसर बाईंना म्हणाले, "तास राहू द्या तुमच्याकडेच. पण ती बायको काय म्हणाली, ते मला उद्या कळवा."

मुलांनी ते घरी जाऊन लिहून आणलं, प्रत्येकाने आपापलं. सासूबाईंना त्यांचे चिमटे परत मिळाले, एक कमी. तो एक म्हणजे मी. बाईंच्या टेबलावर मी ते कागद धरून बसलोय. स्प्रिंग आता सैल पडलीय, गठ्ठा जाड आहे, पण सोडायचा विचार नाही. दर वर्षी नववीचा नवा वर्ग येतो आणि बाई त्यांना हे कागद वाचायला देतात.

तुम्हीही कधी या वर्गात आलात तर खुशाल काढा मला, वाचा आणि पुन्हा नीट लावून ठेवा. सगळ्यात वर हजरचा कागद आहे. त्यात बरेच दिवस खोटं बोलून नावाडी एका संध्याकाळी घरी येतो आणि दारातच थांबतो. बायको म्हणते, "तुमची वल्ही कोरडी असतात, मला कधीच कळलंय. या, जेवून घ्या."