पुनमचा चुडा

उदगीरच्या वहिदाखालाचा हात असा मऊ, की तिनं किल्ल्याच्या बुरुजाला चुडा भरला असता तरी बुरूज ‘आई गं’ म्हणला नसता. त्या दिवशी मात्र तिनं नवरीचा, पुनमचा, अंगठा आत दुमडला, मनगटावर जरा दाबलं, अन् कातडी सरकली. उकडलेल्या बटाट्याची साल सरकती, तशी.

वहिदानं हातातली बांगडी खाली ठेवली. भूकंपाच्या साली तिनं अशा भिंती बघितलेल्या. वरून गिलावा ठाकठीक, आत दगडाला दगड धरून न्हाई.

“खाला, बोलू नका कुणाला,” पुनम पुटपुटली. तोंड नीट उघडत नव्हतं. आतून सगळं सोललेलं.

“भाजलं का गं?”

“न्हाई.” पोरगी डॉक्टरकीसाठी लातूरला क्लास करून आलेली. “कातडीच्या पेशी एकमेकींना धरून असतात, खाला. सारखा निरोप चालू ऱ्हातो. धरलंस का? हाव, धरलं. आता माझ्याच रक्तातली फौज उलटली. त्यांचे हात तोडून राहिली. निरोप बिघडला, पकड सुटली.”

“अन् दवा?”

“होती. त्यानं तोंड सुजायचं. आत्या म्हणली, असलं भोपळ्यासारखं तोंड घेऊन बोहल्यावर चढतीस का? डॉक्टर म्हणले होते, एकदम सोडू नको. सोडली.”

अंगणात बायका हळद वाटून राहिल्या होत्या. आत्या, साखराबाई, दारातून ओरडली, “अगं वहिदा, चुडा भरतीस का किल्ला बांधतीस? आम्हाला पोरगी घासून घासून पिवळी करायचीय!”

पुनमच्या मानेवर, मण्यांच्या माळेखाली, पाण्यानं भरलेले फोड होते.

“साखराबाई, पोरगी लई आजारी हाय. हात लावू नका.”

“नवऱ्या समद्याच आजारी असत्यात! हळद लागली की बऱ्या हुत्यात.”

बायका खिदळत वाट्या घेऊन आत आल्या.

आजाराला हे लोक भीत न्हाईत, अपशकुनाला भितात, हे वहिदा जन्मभर बघत आलेली. तिनं पुनमच्या आधीच भरलेल्या हिरव्या बांगड्या कातडीपासून अलगद उचलून धरल्या अन् मूठ आवळली. काचा कडाकडा मोडल्या. रक्त आलं ते वहिदाचं.

बायका जागीच थिजल्या.

“सटवे! भरला चुडा फोडलास!” साखराबाई किंचाळली. “परत कुणाच्या दारात उभी तर ऱ्हा!”

“न्हाई ऱ्हात. जीप काढा. लातूरला न्या तिला.”

हळदीचं नाव आता कुणी काढेना. पुनमच्या बापानं, ग्यानोबानं, जीप दाराशी आणली. वर चढवायला म्हणून त्यानं लेकीचा दंड धरला. वहिदा ओरडेपर्यंत उशीर झालेला. ग्यानोबानं हात काढला, अन् तळव्याला काय चिकटलंय ते त्याला आधी कळलंच न्हाई.